ॲथलोनच्या पबमध्ये बाबांच्या ठेक्याची उलटतपासणी

आयर्लंड बघायला आलेल्या आईवडिलांना लोक समुद्राकाठचे उंच कडे दाखवतात. मी बाबांना ॲथलोनच्या पबमध्ये नेलं, तेही ‘सहज फिरायला’ असं खोटं सांगून.

झालं असं, की मी राहते त्या चेरीवूडच्या ऑफिसात माझ्या ब्राझिलियन मैत्रिणीनं तिच्या देशातल्या एका जुन्या जॅझ-फंक त्रिकुटाचं गाणं लावलं आणि मी तिला ते पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं. नागपूरच्या ऑर्केस्ट्रांत बाबांनी चाळीस वर्षं वाजवलेला, ‘बाबांचा ठेका’ म्हणून गाजलेला ठेका, जसाच्या तसा! आणि रेकॉर्ड त्याच्याही आधीची. पुढच्या महिन्यात बाबांचा सत्कार आहे. मानपत्रात ‘या ठेक्याचे जनक’ असं मीच लिहिलंय. ॲथलोनला रविवारी दुपारी एक बँड त्याच त्रिकुटाची गाणी वाजवतो, असं मैत्रीण म्हणाली. मी लगेच कार्यक्रमाची दोन तिकिटं काढली.

गाडीनं एम-फिफ्टी, एम-फोर, मग एम-सिक्स असे महामार्ग. पावणेदोन तास धरा. एम-फिफ्टीच्या या टप्प्यावर टोल लागत नाही म्हणून प्रवास फुकट समजू नका, एम-फोरवर टोलनाका आहे, सुटे युरो हाताशी ठेवा. मी शाकाहारी, त्यामुळे पबमधल्या सूपमध्ये चिकनचा स्टॉक नाही ना, हे मी तीनदा विचारलं. बाई तिन्ही वेळा “इट्स ग्रँड”, म्हणजे ‘काळजी नको’, एवढंच म्हणाली. मी ब्रेडच खाल्ला.

इलेक्ट्रिक पियानो, उड्या मारणारा बेस, फंकच्या दणक्यात मुरलेला सांबा. दुसऱ्याच गाण्यात तो ठेका आला. मी बाबांकडे बघत होते. त्यांची बोटं टेबलावर प्रत्येक वळणाआधीच पोचत होती.

“काहून पाहून राहिली अशी?”

“बाबा, हा ठेका तुमचा आहे?”

“नाही ना. शेजाऱ्यानं दुबईहून कॅसेट आणली होती, नाव नव्हतं वर. लोक माहा म्हणत गेले, मी म्हणू दिलं.”

इतकं सहज! मला भयंकर चीड आली.

मध्यंतरात ते उठून ड्रमरकडे गेले. “विचार याले, मूळ वाजवणाऱ्याचं नाव काय?” ड्रमरनं सांगितलं. बाबांनी ते अडखळत उच्चारलं आणि कानाची पाळी धरली, गुरूचं नाव घेताना आपले वादक धरतात तशी.

“सॉरी, टू लाउड?” ड्रमर घाबरला.

मी समजावलं खरं, पण मनात म्हटलं, नाटक असेल.

सोमवारी सकाळी चेरीवूडच्या घरी बाबा बेडरूममध्ये फोन घेऊन बसले. ‘आयोजकाले खरं सांगतो’ असं परतताना म्हणाले होते; खरंच सांगतात का, हे ऐकायला मी दाराआड उभी राहिले.

“सत्कार ठेवा नाहीतर रद्द करा,” ते आयोजकाला सांगत होते, “पण ठेका माहा नाही. नाव लिहून घ्या.”

मग त्यांनी ते नाव तीनदा, सावकाश सांगितलं. खोलीत त्यांना बघायला कोणी नव्हतं, तरी त्यांचा हात प्रत्येक वेळी कानाकडे गेला. मला दाराच्या फटीतून दिसलं, आणि माझी मलाच लाज वाटली.