नानांच्या सावलीवरची माझी हरकत

यंदाच्या चैत्रात, नव्या राज्याच्या तयारीची धांदल सगळ्या कचेऱ्यांतून चालू असताना, एके दुपारी भिकाजी कंपाउंडर माझ्या जळगावच्या बिऱ्हाडी आला. मी पाणपोईच्या जागेसंबंधी एक पत्र लिहीत होतो. त्याने टोपी काढली, हातात फिरवली आणि म्हणाला, "आबा, नाना गेले." मी मान वर न करता विचारले, "कुठे? फेरीला अजून महिना आहे." त्याने टोपी छातीशी धरली तेव्हा मला अर्थ लागला. काल पहाटे, झोपेतच, असे त्याने सांगितले, आणि मग, माझे सांत्वन करावे या भाबड्या हेतूने, पुढे म्हणाला, "तसं डॉक्टरांनी थंडीतच सांगितलं होतं म्हणा... छाती फार कमजोर झालीय म्हणून."

थंडीतच! हा शब्द मला त्या बातमीहून जड गेला. म्हणजे भिकाजीला ठाऊक होते, पारोळ्याच्या डॉक्टरांना ठाऊक होते, नानांच्या पत्नी अक्कांना ठाऊक होते, आमच्या उन्हाळी मोटारसायकल फेरीतल्या झाडून साऱ्या मंडळींना ठाऊक होते. आणि बारा वर्षे ज्या माणसाच्या मोटारसायकलीला जोडलेल्या साईडकारमध्ये मी बसत आलो, त्या माणसाचे आयुष्य संपत आले आहे हे एकट्या मला कळविण्यात आले नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांच्या गावी गेलो तेव्हा मी अक्कांना विचारले. विचारण्याची ती वेळ नव्हती हे मला समजत होते, तरीही विचारले. त्या पदर सावरून म्हणाल्या, "त्यासनीच सांगेल व्हतं, आबा. म्हने, आबाले कळू देऊ नका." एवढे बोलून त्या आत गेल्या. मी ओट्यावर बसून राहिलो. डोळ्यांत पाणी आले नाही. संताप आला, आणि आज इतक्या आठवड्यांनी हे लिहितानाही तो उतरलेला नाही. मेलेल्या माणसाविषयी चांगलेच लिहावे असा संकेत आहे. मी खरे लिहिणार आहे. त्यातले चांगले वाचकांनी वेगळे काढावे.

यशवंतनाना हे पारोळ्याच्या पलीकडचे कापूस पिकविणारे शेतकरी. त्यांचे शेत धुळ्याच्या सडकेला लागून. माझा जन्म कोर्टाच्या शिरस्तेदारीत गेला. आमची गाठ पडावी असे काही कारण नव्हते. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात लढाईचा उरलेला सरकारी माल लिलावात निघाला, आणि साईडकार असलेल्या एकाच खाकी मोटारसायकलीवर आम्ही दोघे बोली बोलत राहिलो. मी हरलो. मला ती गाडी चालविता येत नव्हती, तरी मी बोली का चढविली हे मला आजवर सांगता आलेले नाही. नाना गर्दीतून माझ्याकडे आले आणि म्हणाले, "शिरस्तेदारसाहेब, गाडी मनी, साईडकार तुमनी. मंजूर शे का?" गाडी त्यांची आणि साईडकार माझी! मी म्हणालो, "लेखी द्या." ते जे हसले ते थांबेचनात. त्या दिवसापासून ते मला आबा म्हणू लागले.

दुसऱ्या उन्हाळ्यापासून आमची मोटारसायकल फेरी सुरू झाली. दहा-बारा गाड्या, बहुतेक त्याच लिलावातल्या. कोर्टाला सुट्टी, कापसाचे जिन बंद, शाळा बंद, म्हणून वैशाखच सोयीचा. आणि खानदेशातला वैशाख म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी आम्हाला वेड्यांत काढले. जळगावाहून पहाटे निघायचे, एरंडोलजवळ पद्मालयाच्या तळ्याकाठी पहिला मुक्काम, मग पारोळे आणि शेवटी धुळ्याला पांझरेच्या काठी तंबू. फेरीचे नियम मी लिहिले होते. त्यातला पहिला असा, की ऊन डोक्यावर आले की गाडी थांबवावी आणि ते कलेपर्यंत कोणीही सावली सोडू नये. नियम माझा, परंतु सावली कुठे आहे हे ठाऊक होते नानांना. त्या सडकेवरची झाडे त्यांना घरच्या माणसांसारखी परिचित होती. कुठल्या लिंबाखाली बारा गाड्या मावतात, कुठल्या वडाखाली मुंग्या आहेत, कुठल्या बाभळीची सावली नुसती दिसायला आहे... सारे पाठ. पारोळ्यापुढच्या एका मोठ्या चिंचेला ते 'आबांची चिंच' म्हणत. "आंबट शे," ते नव्या मंडळींना माझ्यादेखत सांगत, "पण सावली दाट शे. वाद घालू नका, नुसतं खाली बसा."

बोजा बांधणे हेही त्यांचेच काम, आणि ते काम ते कोणाला करू देत नसत. मी साईडकारमध्ये बसून पाहत असे. सावलीचे कापड सर्वांत वर बांधायचे, कारण थांबल्यावर आधी तेच लागते. भांडी रिकामी जाता कामा नयेत, त्यांत डाळ-तांदूळ भरायचे. स्टोव्ह गोधडीत गुंडाळायचा. कॅन्व्हासची छागल पुढच्या दांड्याला, वारा लागून पाणी गार राहील अशी. प्रत्येकाच्या खिशात एक कांदा, उन्हाची झळ लागू नये म्हणून. डोक्याला ओले उपरणे. दोर आवळून सगळे बांधून झाले की बोजावर थाप मारून म्हणत, "बठ्ठं बांधाई गयं!" एकदा मी विचारले, "नाना, यादी का करत नाही? एखादी वस्तू राहिली तर?" ते म्हणाले, "आबा, हाई काय कोर्ट शे?"

अशी काही वर्षे गेली, आणि एके दिवशी पारोळ्याच्या चावडीवर नोटीस लागली. सडक रुंद होणार. दोन्ही अंगांची झाडे निघणार. हरकत असेल त्याने अमुक दिवशी डाकबंगल्यावर साहेबांपुढे हजर राहावे. मी पेटून उठलो. चार रात्री बसून मी हरकतीचा मसुदा केला. सावली हा वाटसरूचा, बैलांचा आणि जनतेचा वहिवाटीचा हक्क आहे, अशी त्याची मांडणी होती. आणि मला आजही वाटते की त्याहून सरस मसुदा मी आयुष्यात केला नाही. साक्षीला अर्थातच नाना. आदल्या संध्याकाळी ते माझ्याकडे जेवायला होते. मी त्यांना मसुदा अथपासून इतिपर्यंत वाचून दाखविला. त्यांनी ऐकला. "झकास," म्हणाले. दुसऱ्यांदा ताकाची वाटी मागून घेतली. दुसऱ्या दिवशी मला साईडकारमध्ये घालून डाकबंगल्यावर आणले.

साहेबांनी माझे सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "ठीक. साक्षीदार?" नाना उठले. टोपी काढली. क्षणभर जमिनीकडे पाहिले आणि स्वच्छ मराठीत म्हणाले, "साहेब, झाडं काढा."

मला वाटले, आपल्या कानांत काही बिघाड झाला. ते पुढे बोलत होते. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या शेतापुढे एक मालट्रक चिंचेच्या बुंध्यावर आदळला होता. ड्रायव्हरला त्यांनीच बाहेर ओढले. त्यांच्या बांधावरच तो गेला. "बुंधे सडकेला खेटून आहेत. आता ट्रक वाढणार. सावली मला पण हवी, साहेब, पण तिच्यासाठी माणूस मरायला नको." साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "हे तुमचेच साक्षीदार ना?" मागे बसलेली माणसे हसली. त्यांतल्या निम्म्यांनी माझ्या मसुद्यावर सह्या केल्या होत्या!

मी उठलो आणि भर दुपारी एस.टी.च्या थांब्याकडे चालू लागलो. मागून नानांची गाडी आली. ती माझ्या चालीने, माझ्या बाजूने, फटफटत राहिली.

"आबा, बसा. ऊन लागंल."

"लागू द्या."

"तुमचा नियम आहे, उन्हात निघायचं नाही."

"नियमाचं तुम्ही मला सांगू नका! काल माझ्या पाटावर बसून जेवलात. तेव्हा सांगायला काय झालं होतं?"

ते म्हणाले, "काल सांगितलं असतं, तर तुम्ही मला पटवलं असतं."

वाचकहो, या एका वाक्याशी मी पाच वर्षे झगडतो आहे. झाडांच्या बाबतीत नानांचे म्हणणे बरोबर असेलही. मत बदलण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. परंतु आपल्याला कोणी पटवील या भीतीने त्याला अंधारात ठेवण्याचा हक्क कोणत्या कायद्याने दिला? मी शत्रू असतो तर मला नोटीस मिळाली असती. मित्र होतो, म्हणून मिळाली नाही! मी त्यांना रजिस्टर पोस्टाने सविस्तर पत्र पाठविले. उत्तर आले नाही. भरताची वांगी आली, टोपलीभर. मी दुसरे पत्र पाठविले. पुन्हा वांगी. ती चांगली होती, हे मी नाकारत नाही.

झाडे गेली. चिंच पहिल्याच आठवड्यात गेली. पारोळे सोडल्यापासून धुळ्यापर्यंत सडक तव्यासारखी उघडी पडली, आणि मंडळींना वाटले, आता फेरी संपली. नानांनी जुने लष्करी कॅन्व्हास मिळवून त्याचे एक प्रचंड छत शिवून घेतले, बांबू घेतले, आणि त्या उन्हाळ्यात आम्ही आमची सावली गाडीवर बांधून निघालो. मीही गेलो. नियमांची जबाबदारी माझी होती, ती सोडणे मला शक्य नव्हते. परंतु त्या छताखाली मी बसलो नाही. वीसेक पावलांवर माझी छत्री उघडून, सतरंजी टाकून, एकटा बसलो. दरवर्षी बसलो. नाना पहिले ताट माझ्याकडे स्वतः घेऊन येत, ओले उपरणे घालून, आणि उकिडवे बसत.

"आबा, स्थगिती उठवा आता."

"अट सांगितली आहे."

"कोणती?"

"तुम्हाला ठाऊक आहे. 'आबा, मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं,' एवढं म्हणा. मी या क्षणी उठून आत येतो."

ते हसत. "ते सोडून काहीही मागा," म्हणत, आणि परत जात. मी वाट पाहत होतो. मला खरोखर वाटत होते, की एखाद्या वर्षी ते म्हणतील... आणि आता कळले, की या थंडीत, सारे माहीत असताना, त्या माणसाने तोच गुन्हा दुसऱ्यांदा केला. मी त्यांना धुळ्याच्या मोठ्या डॉक्टरांकडे नेले असते, मुंबईला नेले असते, उन्हातली फेरी बंद करायला भाग पाडले असते. पटवले असते. म्हणूनच मला सांगितले नाही.

दिवसकार्य उरकल्यावर भिकाजी पुन्हा आला. फेरी नानांच्या नावाने करायची ठरली होती. "बोजा कोणालाच बांधता येत नाही, आबा. दोनदा बांधला, दोनदा सुटला." मी त्याला बरेच काही बोललो, थंडीपासूनचे सगळे. मग मी गेलो आणि नानांच्या गोठ्यात उभे राहून बोजा बांधून घेतला. सावलीचे कापड सर्वांत वर. अक्का दारातून पाहत होत्या.

पारोळ्यापुढच्या उघड्या सडकेवर ऊन डोक्यावर आले. मंडळींनी छत उभारले. मी माझी छत्री उघडली, तेव्हा भिकाजी म्हणाला, "आबा, आता आत या. आता कोणाशी भांडण?"

"त्यांच्याशीच," मी म्हणालो.

पण या वेळी ताट घेऊन बाहेर कोणी आले नाही. कोणाच्या लक्षातच आले नाही... मी थोडा वेळ बसलो, छत्री मिटली आणि आत गेलो. अट पूर्ण झालेली नव्हती. ती आता पूर्ण होणारही नव्हती. सावलीत बसणे म्हणजे माफी नव्हे, हे मी तिथे मोठ्याने सांगितले आणि इथेही नोंदवून ठेवतो.

जेवणे झाली, मंडळी आडवी झाली, आणि काही वेळाने माझ्या पायांना चटका बसला. मी जागचा हललो नव्हतो, पण उन्हात होतो. बाजूच्यांची डोकीही उन्हात आली होती. ते झोपेत कूस बदलून एकमेकांना ढकलत होते. तेव्हा मला उमगले. दरवर्षी दुरून मी नानांना दुपारभर उठताना पाहत असे. कधी हा बांबू, कधी तो दोर. मला वाटे, या माणसाला स्वस्थ बसवत नाही. ऊन कलेल तसे ते मावळतीकडचे बांबू बुटके करीत होते, दोर सोडून कापड त्या अंगाला खाली ओढीत होते. बाकीचे झोपत, आणि सावली जागेवर राही. हेही त्यांनी कधी कोणाला सांगितले नव्हते!

मी उठलो. गुडघे कुरकुरले. मावळतीचा दोर सोडू लागलो तसा भिकाजी डोळे चोळत आला. "काय झालं, आबा?"

मी त्याला सांगितले. सगळे सांगितले: ऊन कुठून कुठे जाते, कोणता दोर आधी सोडायचा, कोणत्या बांबूला हात लावायचा नाही, आणि लोक झोपलेले असताना किती वेळा उठावे लागते. आम्ही दोघांनी कापड खाली ओढले. झोपलेल्यांच्या तोंडावर पुन्हा सावली आली.

"कळलं, आबा," तो म्हणाला.

"नुसतं कळलं नको," मी म्हणालो. "मला पुन्हा म्हणून दाखव. आणि उद्या बाकीच्यांना सांग. पुढच्या वर्षी मी असेन की नाही, हे मला ठाऊक नाही. तुम्हाला आजच कळवून ठेवतो."