स्टुडिओत मी एकटीच होते

भूत, चकवा, अंगात येणं — घरात हे विषय निघाले की मी उठून चहा टाकायला जाते. नवरा चिडवतो, घाबरली म्हणून. घाबरत नाही हो, कंटाळा येतो. त्यामुळे या ग्रुपवर आपण कधी काही लिहू असं मलाच वाटलं नव्हतं. पण मागे इथे एकीनं तिच्या आत्याचा अनुभव लिहिला आणि खाली सगळ्यांनी ‘मनाचे खेळ’ म्हणून निकाल लावून टाकला... तेव्हा मनात आलं, माझ्या बाबतीत तो माझ्याच मनाचा खेळ असेल, तर तो शहराच्या दुसऱ्या टोकाला, टिकरापारा मोहल्ल्यातल्या बायकांना कसा ऐकू आला?

मी वैशाली, रायपूरची. पणजोबांच्याही आधीपासून आम्ही इथलेच. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. माझी मुलगी तर मराठीतलं सगळं समजते आणि उत्तर हिंदीत देते. तेव्हा लिहिण्यात हिंदी डोकावली तर सांभाळून घ्या.

सदर बाजारात सराफांच्या ओळीत साड्यांचं एक जुनं दुकान होतं. लग्नाआधीपासून मी तिथे कामाला. पांढऱ्या गादीवर बसायचं, एका झटक्यात साडी उलगडायची, पदर स्वतःच्या खांद्यावर टाकून दाखवायचा, आणि गिऱ्हाईक न घेता उठलं की हसत हसत घड्या घालत बसायचं. माझ्या शेजारी बसायच्या निर्मलाताई. वयानं माझ्या आईएवढ्या. रोज शहराबाहेरच्या अभनपूर गावाहून बसनं यायच्या. दुकानात मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. त्या गिऱ्हाइकाला म्हणायच्या, “ये रंग आप पर खिलेगा दीदी,” आणि त्याच दमात मला, “ए पोट्टी, घडी घाल. हे घेत नाही, हे निस्ती हवा खायले आली.” मला हसू दाबता दाबता पुरेवाट व्हायची.

दुपारी सेठजी जेवायला घरी गेले की दुकान सुस्तावायचं. आम्ही डबे उघडायचो आणि कोपऱ्यातला रेडिओ लावायचो. समता कॉलनीत एक छोटंसं लोकल रेडिओ स्टेशन आहे — नाव लिहीत नाही — त्यावर दोन वाजता बायकांचा कार्यक्रम असायचा. निवेदिका काही बोलली की निर्मलाताई तिला उत्तर द्यायच्या.

“बहनों, आज गर्मी बहुत है ना?”

“हव, भल्ली आहे.”

“तो आज खाने में क्या बना?”

“भेंडी. आन् तुयाकडे?”

मी म्हणायची, “अवो ताई, तिला काय ऐकू जाते काय?”

“नाही गेलं तर नाही गेलं. कोणी बोललं तर माणसानं हुंकारा द्यावा. नाही तर त्या बोलणाऱ्याले किती एकटं वाटन?”

मग त्या निवेदिकेचं लग्न ठरलं, ती बिलासपूरला चालली, आणि स्टेशनवाले रेडिओवरूनच सांगू लागले की आम्हाला नवीन निवेदिका पाहिजे. निर्मलाताईंनी घास खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, काहीतरीच काय! बारावी झालेली मी, साड्या विकणारी. त्यांनी घास परत उचलला. दुसऱ्या दिवशी मी गिऱ्हाइकात असताना त्यांनी दुकानाच्या फोनवरून स्टेशनला फोन लावला आणि चक्क म्हणाल्या, “जी, मैं वैशाली बोल रही हूँ.” माझ्या नावानं बोलून ऑडिशनची वेळसुद्धा घेऊन टाकली! गुरुवारी सेठजींना सांगितलं, पोट्टीचं पोट बिघडलं आहे, आणि मला मागच्या दारानं पिटाळलं.

स्टेशनच्या इनचार्ज तिवारी मॅडम. ऑडिशन झाल्यावर म्हणाल्या, “फ़ोन पर तो आपकी आवाज़ कुछ और लगी थी.” मी म्हटलं, सर्दी होती. मला घेतलं, पण तीन महिने ट्रायलवर. घरी नवरा वैतागला. “चांगली पक्की नोकरी सोडून तिकडे काहून जाऊन राहिली? उद्या त्यांनी काढलं तर?” त्याचं चूक नव्हतं. सेठजींनी माझी जागा लगेच भरली, म्हणजे परतीची वाट बंद. शेवटच्या दिवशी निर्मलाताई मला नाक्यापर्यंत सोडायला आल्या. दोन्ही बाजूंनी स्कूटरवाले हॉर्न मारून राहिले आणि त्या मधोमध माझा हात धरून उभ्या. “जाय,” म्हणाल्या. “इथं कोणाले दाखवशीन पदर? तिथं बोल.”

रेडिओचं काम सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते, आणि निर्मलाताईंना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचा पूर्ण गेली. मी हॉस्पिटलमध्ये गेले तेव्हा त्यांनी डाव्या हातानं माझी ओढणी धरली, तोंड उघडलं... नुसती हवा. आयुष्यभर रेडिओशीसुद्धा गप्पा मारणारी बाई! मुलगा त्यांना अभनपूरला घरी घेऊन गेला.

आता स्टेशन कसं आहे ते सांगते, कारण त्याला महत्त्व आहे. एका दातांच्या दवाखान्याच्या वर, दुसऱ्या मजल्यावर. स्टुडिओ म्हणजे आमच्या स्वयंपाकघराएवढी खोली. एक टेबल, एक खुर्ची, एक माईक. समोर काच, काचेपलीकडे दुर्गेश भैया — आमचा टेक्निशियन. खोलीत मी एकटी. दुसरी खुर्ची ठेवायलाही जागा नाही.

पहिला फोन टिकरापाऱ्यातून आला. एक बाई म्हणाल्या, “आप दोनों का प्रोग्राम बहुत अच्छा लगता है.” मला वाटलं, मी आणि जुनी निवेदिका म्हणत असतील. मग दुसऱ्या कोणी म्हणालं, “वो जो दूसरी दीदी हैं, बीच-बीच में ‘हव, हव’ करती हैं, बड़ा मज़ा आता है.” दुर्गेशनं काचेतून खांदे उडवले. दुसरं एखादं स्टेशन मिसळत असेल म्हणाला. मीही तेच धरून चालले.

आणि एके दुपारी संतोषीनगरच्या एका टेलरनं फोन केला. हा आमचा रोजचा श्रोता, मशीन चालवता चालवता ऐकायचा. लाईव्ह कार्यक्रमात त्यानं विचारलं, “दीदी, एक बात बताओ. वो दूसरी दीदी आपको ‘पोट्टी’ बोलती हैं... ये पोट्टी क्या होता है?”

मी काय उत्तर दिलं आठवत नाही. दुर्गेशनं माझा चेहरा पाहून गाणं लावलं. तो टेलर छत्तीसगढी माणूस. त्याला मराठीचा गंध नाही, पोट्टी म्हणजे पोरगी हे त्याला कुठून कळणार. आणि मला त्या नावानं हाक मारणारी जगात एकच बाई होती, जिच्या तोंडातून महिन्याभरात शब्द फुटला नव्हता.

तिवारी मॅडमच्या कानावर हे गेलंच. बाहेरचं माणूस स्टुडिओत बसवायचं नाही, हा तिथला कडक नियम. त्यांनी मला बोलावलं. “किसको बिठाती हो अंदर?” मी शपथा घेतल्या. दुर्गेशनं साक्ष दिली. मग कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग लावलं. त्यात फक्त माझा आवाज. पण ऐकता ऐकता एक गोष्ट मात्र जाणवली... प्रत्येक वाक्यानंतर मी थोडी थांबत होते. समोरचं माणूस काही म्हणेल, ते म्हणू द्यावं, तशी. आणि मग पुढे बोलत होते. हे मी करते हे मला ठाऊकच नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, “देखो वैशाली, एक बार और ऐसी बात आई, तो मैं तुम्हें रख नहीं पाऊँगी.” त्या दिवशी ऑटोत बसून मी रडले. नवऱ्याला काय सांगणार होते — की न दिसणाऱ्या बाईमुळे नोकरी चालली?

त्यानंतरच्या आठवड्यात मॅडम तापानं घरी होत्या. परत आल्या त्या दिवशी मला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं. चेहरा उतरलेला. म्हणाल्या, “मैंने घर पर सुना. पूरा एक घंटा.” मग हळूच, “वो आवाज़ मैं पहचानती हूँ. तुम्हारे नाम से पहला फ़ोन जिसने किया था... वही है. कौन है वो?”

मी सगळं सांगितलं. दुकान, डबे, हुंकारा, लकवा. मॅडम पाणी प्यायल्या. ग्लास खाली ठेवत म्हणाल्या, “अभनपुर? वहाँ तक तो अपना सिग्नल जाता ही नहीं.”

सोमवारी मी कार्यक्रम आधीच रेकॉर्ड करून ठेवला आणि अभनपूरला गेले. निर्मलाताईंची सून रेखा दारातच भेटली. “बरं झालं आली ताई तुम्ही. आईंचं काही समजून नाही राहिलं.” रोज दोन वाजत आले की त्या डाव्या हातानं रेडिओ मागायच्या. त्यात नुसती खरखर. बंद केला की रडायच्या. म्हणून रेखा ती खरखर तासभर तशीच चालू ठेवायची.

मी आत गेले. खिडकीपाशी पलंग, उशाशी रेडिओ. मला पाहून निर्मलाताईंचे डोळे भरले. त्यांनी माझा गाल कुरवाळला. मी इकडचं तिकडचं बोलत बसले. मग त्यांनी रेडिओकडे बोट दाखवलं. रेखानं लावला. खरखर. मी कान लावून ऐकलं — खरंच, खरखरीशिवाय काही नाही.

पण त्या ऐकत होत्या. मान हलत होती, ओठ हलत होते. आवाज नाही, फक्त ओठ. तो कार्यक्रम मीच रेकॉर्ड केलेला, कशानंतर काय ते मला पाठ होतं. सुरुवातीला वांग्याच्या भाजीचं बोलणं, मग एक गाणं, मग दुकानातल्या एका बाईचा किस्सा होता, जी नवऱ्याला साडी नेसवून बघायला निघाली होती. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मनातल्या मनात मोजत होते. गाण्याच्या वेळी त्यांचे ओठ मिटले, बोटं पलंगावर ताल धरू लागली. मग किस्सा. आणि जिथे हसू यायला हवं, बरोबर तिथे त्यांचे खांदे गदगदा हलायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या, बिनआवाजाचं. हसणं ओसरल्यावर ओठांनी एक शब्द केला. तो ओठांवरून ओळखायला मला वेळ लागला नाही — पोट्टी.

भीती वाटली का? नाही. विचित्र वाटलं ते एवढंच, की मी त्यांच्या शेजारी, त्यांचा हात हातात घेऊन बसलेली... आणि त्या बोलत होत्या रेडिओतल्या माझ्याशी.

दुसऱ्या दिवशी टिकरापाऱ्याच्या बाईंचा फोन. “कल तो आप दोनों ने हँसा-हँसा के मार डाला.”

मॅडमनी मला काढलं नाही. ट्रायल संपल्यावर कायम केलं आणि म्हणाल्या, “चलने दो. कोई पूछे तो कहना, हैं एक दीदी.” मीही तेच म्हणत राहिले. पुढे पाऊस गेला, गणपती गेले. अभनपूरला एक फिजिओथेरपीवाली पोरगी घरी येऊ लागली, बोलण्याचे व्यायाम घेऊ लागली. दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी रेखाचा फोन आला. काही न सांगता तिनं फोन सासूच्या कानाला लावला. पलीकडे घसा खरवडल्यासारखा आवाज, आणि मग तुटक तुटक... “पो... ट्टी.”

मी ओट्यापाशी उभी राहून हमसून हमसून रडले. गॅसवरचं दूध सगळं उतू गेलं.

आणि त्याच दिवसापासून फोनवर लोक विचारू लागले — वो दूसरी दीदी छुट्टी पर हैं क्या? आज आवाज़ नहीं आई? मी रोज काहीतरी सांगून वेळ मारून न्यायची. शेवटी मॅडमच म्हणाल्या, “तो फिर ले आओ ना उनको.”

जिना चढता येईना, लिफ्ट नाही. दुर्गेश आणि निर्मलाताईंचा मुलगा, दोघांनी त्यांना खुर्चीसकट उचलून दुसऱ्या मजल्यावर आणलं. त्या ठेवणीतली कोसा रेशमाची साडी नेसून आल्या होत्या. माझं टेबल भिंतीला सरकवून कशीबशी जागा केली. मी माईकवर म्हटलं, “आज मेरी एक पुरानी सहेली आई हैं, पहली बार.” त्यांनी जड जिभेनं, एकेक अक्षर जोडत म्हटलं, “नमस्ते... बहनों.”

लगेच फोन वाजला. संतोषीनगरचा टेलर. “अरे दीदी! इतने दिन बाद! पहली बार काहे बोल रहे हो, हम क्या पहचानते नहीं? पर आपका गला बैठ गया क्या?”

काचेपलीकडे दुर्गेश उठून उभा राहिला. निर्मलाताई मात्र माईककडे झुकल्या, सवयीनं झुकावं तशा.

“हव,” म्हणाल्या. “बोल-बोल के... बैठ गया.”

परत जाताना गाडीत मी विचारलं, “ताई, असं काहून म्हटलं तुम्ही?”

त्या सावकाश म्हणाल्या, “त्याले... इतकी खुशी झाली... ना म्हणवलं नाही.” आणि आजारपणातलं काही आठवते का विचारलं तर, “काही नाही गं. निस्तं वाटे... दुकानात बसली आहो. सेठजी जेवायले गेले... आन् तू बोलून राहिली.”

ते दुकान आता नाही. सेठजींच्या मुलानं जागा मोबाईलवाल्याला दिली. मी सदर बाजारात गेले तरी त्या बाजूनं जात नाही. निर्मलाताई बऱ्यापैकी बोलतात, सणावाराला स्टुडिओत येतात. दुर्गेश अजून अँटेना आणि रेंजचं गणित मांडतो, त्याचं जुळत नाही. ताईंच्या डॉक्टरांना मी एकदा भीत भीत विचारलं, ते हसले आणि बीपीच्या गोळ्या लिहून दिल्या.

सगळ्या शहरानं ऐकलेला तो आवाज मी स्वतः एकदाही ऐकला नाही. पण ते महिने आठवले की एक नक्की सांगू शकते — रोज दोन वाजता दार लावून त्या खोलीत मी एकटीच बसायची, नवखी, नोकरी जायच्या धाकात... आणि मला एक दिवसही एकटं वाटलं नाही.