आगबोटीचं सुतक

नवसूने मिशी काढली, तेव्हा घरात सगळी धडधाकट होती. टोकावडे गावाच्या खाली, काळू नदीच्या अंगाला त्याचं घर. अंगणात पाटावर बसून त्याने डोकं न् मिशी दोन्ही उतरवून घेतलं. पाणी घेऊन आलेली त्याची बायको देवकी जागीच थबकली.

"कोन गेलं ओ?"

"आमची आगबोट."

देवकीने हंडा असा आपटला की अर्धं पाणी अंगणातच सांडलं. जित्याजागत्या घरात नवऱ्याने मिशी काढायची, आणि तीही एका लोखंडासाठी! त्या दिवशी चुलीवरचा भात करपला. नवसूने तो तसाच खाल्ला.

आता तुम्हीही हसाल. गाव तर पोट धरून हसलं. पण नवसूचं या बोटीशी काय होतं ते आधी ऐका.

सन तीस-एकतीसच्या सुमाराला तो मुंबईच्या गोदीत मजुरीला गेला. तिथे एक जुनी आगबोट नवी करायला आणली होती. ना फार मोठी, ना अगदी लहान. म्हशाच्या गुरांच्या जत्रेत म्हाताऱ्या बैलाला शिंगं तासून, रंगवून, गोंडे बांधून उभा करतात ना, तसाच तो कारभार. फरक एवढाच, की हिला आतूनही बदलत होते. जुन्या भिंती पाडून मोठ्या खोल्या केल्या, घरघर फिरणारे पंखे लावले, जेवणघराला आरसे बसवले. नवसू महिनोन्महिने गंज खरवडत होता. ज्या अंगाचा गंज आपल्या हाताने काढला त्या अंगावर माया जडणारच. काम संपलं तेव्हा मुकादमाने त्याला बोटीवरच्या धोबीखान्यात ठेवून घेतलं. बोटीचं इंग्रजी नाव हातभर लांब होतं. खलाशी तिला नुसतं 'राणी' म्हणायचे.

मोठमोठे साहेब, संस्थानिक, गबर शेठ हवा खायला राणीवर चढायचे. नवसू सांगू लागला की ऐकणाऱ्याने घर विसरावं. समुद्रावर तरंगणाऱ्या बोटीत पोहायला वेगळा हौद! चहूकडे पाणी, खाली पाणी, आणि ही माणसं मध्ये डुंबायला पैसे मोजणार. बर्फाची खोली, न्हाव्याचं दुकान, पुस्तकांची खोली, पगारी आयांनी पोरं सांभाळायची खोली. संध्याकाळी बाजा वाजायचा आणि साहेब-मडमा हातात हात घालून नाचायच्या. समुद्र खवळला की जेवणाच्या टेबलावरच्या चादरी पाण्याने भिजवायच्या, म्हणजे ताटं घसरत नाहीत. त्या चादरी भिजवणारा माणूस नवसू. हे सांगताना त्याची छाती अजून फुगायची.

मग लढाई सुरू झाली. सरकारने राणी सैनिक वाहायला घेतली, आरसे उतरवले, तिला राखाडी रंग फासला. नवसू घरी परतला आणि नांगराला लागला. मन मात्र राणीवरच राहिलं. पारावर त्याचा चुलता चांगो मुद्दाम विषय काढायचा, "काय रे नवसू, आज तुझ्या हौदात किती मडमा उतरल्या?" गाव हसायचं. नवसूला त्याचं काही वाटत नसे.

वाटायचं ते एकाच गोष्टीचं. देवकी ऐकत नसे. बोटीचा 'बो' निघाला की ती उठून गोठ्यात जायची. तिचंही काय चुकलं? हा तिकडे बाजा ऐकत होता तेव्हा हिने एकटीने भाताची आवणं लावली, एकटीने दोन बाळंतपणं काढली. सवतीचं कौतुक कोणती बाई ऐकेल? पण आपल्या आयुष्याची दहा वर्षं आपल्याच बायकोला सांगता येत नाहीत, हे नवसूला आत कुरतडायचं. गावभर सांगून झालं तरी सांगितल्यासारखं वाटत नसे.

त्रेचाळीस सालच्या म्हशाच्या जत्रेत त्याला भिमा भेटला. भिमा शहापूरकडचा, नवसू उतरल्यावरही राणीवरच राहिलेला सोबती. त्याने जत्रेच्या गर्दीतच सांगितलं, "राणी गेली रे, लढाईत बुडाली. मानसं समदी होड्यांत उतरली, एक नाय दगावला. शेवटाला ती एकलीच राहिली. मंग बसली खाली." नवसू बैल न बघताच घरी आला आणि दुसऱ्या दिवशी त्याने मिशी काढली.

"लोखंडाचं सुतक किती दिवस रे धरायचं?" चांगोने विचारलं.

"जिचं अन्न खाल्लं तिचं धरतात तितकंच," नवसू म्हणाला.

दहाव्या दिवशी तो नदीवर गेला, भाताचे पिंड मांडले. भिमा शहापुराहून आला होता. चांगो आणि चार टवाळ गंमत बघायला आले. उंबरावर कावळे बसले होते, पण एक खाली उतरेना. गेलेल्याची इच्छा राहिली असली की कावळा शिवत नाही. मग मागच्यांनी वचन द्यायचं, ही रीतच. नवसूने हात जोडले, "तुला इसरनार नाय." कावळा हलला नाही. भिमाने काहीबाही कबूल केलं. नाहीच. ऊन चढलं. टवाळांचं हसू आटलं, नवसूच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

तेवढ्यात धुण्याचं गाठोडं घेऊन देवकी काठावर आली. नवऱ्याचा तो अवतार तिला बघवला नाही. गाठोडं ठेवून ती पिंडासमोर उभी राहिली.

"बाय, मी तुला लय शिव्या घातल्या. पन माझा मानूस तू जित्ता परत धाडलास. आता तो तुझं सांगंल ते मी बसून ऐकीन. जा तू सुखानं."

कावळा उतरला आणि त्याने पिंडाला चोच मारली.

"भुकेला असंल," चांगो म्हणाला, पण बोलताना त्याचेही हात जोडलेले होते.

घरी जाताना देवकी पुढे, नवसू मागे. बांधावर ती थांबली आणि तिने विचारलं, "तुमी कुठं निजायचा ओ तिथं?"

एवढ्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं आणि त्याने सांगितलंही नव्हतं. "तळाला," तो म्हणाला. "इंजिनाच्या भिंतीला लागून. एका फळीवर आमी दोघं, पाळीपाळीनं. मी उठलो का भिमा निजायचा. खिडकी नव्हती गो. गरमीनं अंगाची साल जायची. पयल्या वर्साला तर मी रोज रडायचो."

"मंग नुसतं हौदाचं न् बाज्याचंच कशाला सांगत आलात?"

"तुला वाईट वाटंल म्हनून."

देवकीने त्याच्या भादरलेल्या डोक्याकडे बघितलं. मग पदराने त्यावरचा घाम टिपत म्हणाली, "हेच आधी सांगायचं व्हतं. मी इतकी वर्सं राग तरी धरला नसता."