सहाव्या रांगेचं नेट

उज्ज्वला गेल्याचा फोन आला तेव्हा मी बदलापूरला एका शाळेच्या कॉम्प्युटर खोलीत टेबलाखाली वायर ओढत होतो. तिचा भाऊ मिलिंद बोलत होता. ‘‘दादा, ताई गेली...’’ एवढंच. कावीळ झाली म्हणून ती अंबरनाथच्या एका हॉस्पिटलात होती. संध्याकाळी भेटायला येतो, असं मी सकाळीच तिला कळवलं होतं आणि तिने उलट मलाच बजावलं होतं, ‘‘शाळेचं काम पुरं करून ये, पोरांची परीक्षा आहे.’’ फोन ठेवला आणि मी पुन्हा टेबलाखाली गेलो. काम पुरं केलं. ते कसं केलं, मला आठवत नाही.

आम्ही दोघं इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला एका वर्गात होतो. तिचे वडील अंबरनाथला कारखान्यात फिटर, माझ्या घरी पालेगावात भातशेती. शिकून झाल्यावर आम्ही उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये गाळा घेतला आणि मुंबईतल्या मोठ्या प्रदर्शनांना इंटरनेट पुरवायला लागलो. प्रदर्शन उभं राहत असताना हॉलभर वायरी टाकायच्या, स्टॉलस्टॉलला जोडणी द्यायची आणि नंतर ‘नेट चालत नाही’ म्हणून अंगावर येणाऱ्यांना तोंड द्यायचं. हे शेवटचं काम तिचं. आवाज चढवणं तिला जमायचंच नाही. ‘‘चला, बघू या’’ म्हणायची आणि चिडलेल्या माणसाच्या पुढे झपाझप चालू लागायची. तो बिचारा बोलता बोलता तिच्यामागे पळत असायचा. गाळ्याशेजारच्या दुकानदारांशी ती मोडक्यातोडक्या सिंधीत थट्टा करायची, आणि आमच्या घरी आली की माझ्या आईसारखं आगरी बोलून तिला हसवायची.

एका वर्षी छपाईयंत्रांच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाची सकाळ मात्र हसण्यासारखी नव्हती. मी दाराजवळच्या आमच्या टेबलावर होतो, सगळ्या हॉलचं नेट तिथून चालायचं. उज्ज्वला सहाव्या रांगेत एका स्टॉलची जोडणी तपासत होती. अचानक वॉकीटॉकीवर तिचा आवाज आला. ‘‘अरे, इथल्या सांगाड्याला करंट आहे. बोटं झिणझिणली माझी.’’

त्या रांगेतले सगळे स्टॉल एकाच लांबलचक ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर उभे होते. विजेचं काम दुसऱ्या ठेकेदाराकडे. त्याचा सुपरवायझर तिथेच होता. त्याला तिने रांगेची लाईट बंद करायला सांगितलं, ते वॉकीटॉकी चालूच राहिल्यामुळे मला ऐकू येत होतं.

‘‘मॅडम, पाहुण्यांची गाडी गेटवर आलीय. आत्ता लाईट घालवली तर माझी वाट लागेल. उद्घाटन होऊ दे, मग बघतो.’’

‘‘तोवर कोणाला शॉक बसला तर?’’

‘‘काही होत नाही. टेन्शन नका घेऊ.’’

ती स्टॉलवाल्यांना बाहेर या म्हणून विनवू लागली. पाहुणे येणार म्हणून कपडे सारखे करत उभी असलेली माणसं, कोण हलणार? आणि पुढच्याच स्टॉलमध्ये सफाईवाली बाई ओलं फडकं घेऊन सांगाड्याचे खांब पुसायला निघाली होती. उज्ज्वलाने धावत जाऊन तिच्या हातातलं फडकं ओढून घेतलं. मग मला म्हणाली, ‘‘सहाव्या रांगेचं नेट काढ. पूर्ण.’’

‘‘वेडी झालीस का? पाहुणे आत येतायत. मारतील आपल्याला.’’

‘‘मारायला तरी बाहेर येतील ना! लाईट आपल्या हातात नाही, नेट आहे. काढ!’’

मी रांगेची वायर उपटली. क्षणभर काहीच झालं नाही... आणि मग एकेक करत सगळे ओरडत बाहेर आले. कोणी टेबलावर मुठी आपटत होतं, आयोजकांच्या माणसाने माझी कॉलर धरली होती. त्याच्या खांद्यावरून मला उज्ज्वला दिसत होती. रिकाम्या झालेल्या रांगेच्या तोंडाशी दोन्ही हात पसरून ती उभी होती. ‘‘कोणी आत जायचं नाही. आधी लाईट बंद करा, मग नेट देते.’’

सुपरवायझरने त्या गर्दीकडे पाहिलं आणि तो मेन स्विचकडे धावला. रांग अंधारली. पाहुण्यांना दुसऱ्या बाजूने नेलं. गालिचा उचलला तर खाली एका जड यंत्राच्या पायाने वायर चेचली होती. उघडी तार सांगाड्याला चिकटलेली. सुपरवायझर तिथेच खाली बसून ती वायर कापू लागला.

परतताना टेम्पोत ती म्हणाली, ‘‘काही सापडलं नसतं तर रे? मला खात्री नव्हती...’’ तिला इतकं घाबरलेलं मी आधी कधी पाहिलं नव्हतं. पुढच्या वर्षी त्या आयोजकांनी आम्हाला बोलावलं नाही. भर उद्घाटनात नेट बंद करणारी माणसं, अशी आमची ओळख झाली होती.

तिच्या पुण्यानुमोदनाला, तिच्या आठवणीत घरी ठेवलेल्या बुद्धवंदनेला, तो सुपरवायझर आला. पांढऱ्या शर्टात, दाराशीच अवघडून उभा. उज्ज्वलाच्या आईने विचारलं, ‘‘बाळा, तू कोण?’’ ‘‘प्रदर्शनातला लाईटवाला, आई...’’ तो म्हणाला. आई माझ्याकडे पाहू लागली. तेव्हा कळलं, उज्ज्वलाने घरी काहीच सांगितलेलं नव्हतं. मग सतरंजीवर बसून सगळी हकिगत मीच सांगितली. आई म्हणाली, ‘‘आम्हाला तर म्हणाली होती, नेट बंद पडलं म्हणून काम गेलं.’’

गेल्या आठवड्यात तिच्याशिवायचं पहिलं प्रदर्शन झालं. सामान आवरलं, वायरी टाकायला येणारी आमची पोरं आपापल्या वाटेने गेली. अशा दिवशी उज्ज्वला घरी गेल्यावर आमच्यातल्या प्रत्येकाला फोन करायची, ‘‘पोचलास ना?’’ विचारायची आणि उत्तर मिळालं की ठेवून द्यायची. पालेगावला येऊन मी हातपाय धुतले आणि एकेकाला फोन लावला. सगळे पोचले होते. बायको जेवायला हाक मारत होती, तरी मी फोन हातात धरून ओट्यावर बसून राहिलो... मी पोचलो का, हे विचारायचं कोणाचं तरी राहिलं होतं.