वहिनीच्या पडवीवरचे कवेलू

प्रकाशचा फोन आला तेव्हा मी भिलाईजवळ चरोद्याला माझ्या घरी दाढी करत होतो. "काका, आई गेली," एवढंच म्हणाला तो. अर्ध्या गालावर साबण तसाच... आणि खरं सांगतो, रडू यायच्या आधी मला हायसं वाटलं. सुमनवहिनी गेली याचं नव्हे. ती जायच्या आधी मी तिला सगळं सांगून मोकळा झालो होतो, याचं. पंचेचाळीस वर्षं लपवलेलं एक खोटं तिला सांगायचं मी दर दिवाळीला ठरवायचो आणि चिवडा खाऊन परत यायचो.

भिलाईचा कारखाना उभा राहत होता, तेव्हाची गोष्ट. दादा आणि मी भंडाऱ्याकडून आलो होतो. दादा अवजड सामान चढवणाऱ्या टोळीत, मी फिटरच्या हाताखाली. मजुरांच्या वस्तीत मातीच्या चार भिंती घातल्या, वर गवत टाकलं आणि त्यालाच घर म्हणू लागलो. वहिनी दोन महिन्यांच्या प्रकाशला घेऊन आली, तिने मान वर केली आणि तिचा चेहराच उतरला. पहिलं मूल गावी असल्याच गळक्या छपराखाली कफ होऊन गेलं होतं. दादाला म्हणाली, "कवेलू टाकाल त राहीन. नाहीतर पानी यायच्या आंधी मी पोराले घेऊन माह्या मायकडं चालली." पावसाला पंधरा दिवस होते. दादाची डबल शिफ्ट, त्यामुळे कवेलू, म्हणजे छपरावरची मातीची कौलं, शोधायचं माझ्या गळ्यात पडलं. नवे मिळण्याची सोयच नव्हती, भट्टीतून निघायच्या आधीच ठेकेदार उचलून नेत.

पलीकडचं एक गाव कारखान्याच्या जमिनीत गेलं होतं. माणसं घरं उतरवून चालली होती. तिथे बिसाहिन नावाची एक विधवा म्हातारी लेकीच्या गावी निघाली होती. दारं-चौकटी तिने गाडीत घातल्या होत्या, कवेलू मात्र मागे राहणार होते. मी मागितले. तिने मला न्याहाळलं आणि विचारलं, "कोन जात हव बाबू?"

"कुणबी," मी म्हणालो.

विचार करायला थांबलोसुद्धा नाही. नागपूरला दीक्षा घेऊन तेव्हा दोन-तीनच वर्षं झाली होती. 'आता कोणापुढे मान खाली घालायची नाही' असं वस्तीतल्या सभेत घसा ताणून सांगणारा मीच होतो... आणि पहिल्याच प्रश्नाला शेपूट घातली! म्हातारी खूश झाली. "हमर कुरमी असन," म्हणजे आमच्या कुर्मींसारखाच, असं म्हणाली आणि स्वतः निवडायला बसली. प्रत्येक कवेलूवर बोटाचं पेर वाजवायची. खणखणीत वाजला तो माझ्या गाडीत, बद्द वाजला तो बाजूला. सगळे एकाच कुंभाराच्या हातचे आहेत, म्हणून एकात एक नीट बसतील, दुसऱ्या घरचे यात मिसळू नको, असं तिने बजावलं.

छप्पर झालं. वहिनी राहिली.

श्रावणात एका दुपारी बिसाहिन लेकीच्या गावाहून आपले कवेलू बघायला आली. भिजली होती, दमली होती. वहिनीने बाज टाकली, लोटाभर पाणी आणलं आणि देता देता हात मागे घेतला. मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाली, "बाई, पहले बताती. हम महार. अब बौद्ध हो गए. पानी पियोगी?" माझ्या खोट्याचा तिला पत्ताच नव्हता. आधी सांगून मगच पाणी द्यायचं, हा तिचा नेमच होता. दीक्षा काय लपवायले घेतली का, असं ती म्हणायची.

मी तिथेच भिंतीला टेकून उभा होतो. आता म्हातारी बोलणार, वस्ती गोळा होणार, ऐन पावसात कवेलू उतरवायला लावणार... बिसाहिनने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग "आज पियास नइ हे," म्हणून उठली. दारात थांबून वर बघत म्हणाली, "लइका के ऊपर एक ठन खपरा सरक गे हे. ठीक कर लेबे." पोराच्या डोक्यावरचा एक कवेलू सरकला होता, तो नीट करायला सांगून ती गेली. माझं नाव तिने काढलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात कवेलू फेरायच्या, म्हणजे उतरवून पुन्हा नीट बसवायच्या वेळी ती आपणहून आली, बाजेवर टेकली आणि म्हणाली, "नोनी, पानी दे." लेकीला हाक मारावी तशी. वहिनीने दिलं. ती प्याली.

पुढे सेक्टर दोनमध्ये कारखान्याचं स्लॅबचं क्वार्टर मिळालं, तरी वहिनीने कवेलू टाकू दिले नाहीत. नंतर पद्मनाभपुरात स्वतःचं घर बांधलं तेव्हा ते मागच्या पडवीवर चढले. आणि दर लग्नात, दर बारशाला वहिनी सांगायची, "आमच्या भाऊजीनं कवेलू आनले म्हनून माहा प्रकाश वाचला!" सगळे माझ्याकडे कौतुकाने बघायचे आणि मी ताटात.

गेल्या वैशाखात शेवटी सांगितलं. ती तुरीची डाळ निवडत होती. ऐकून सूप खाली ठेवलं. "आन् हे मले आता सांगून राहिले?" म्हणाली. "कावून नाही सांगितलं तवा? जा तुमी घरी." मी आलो. चार दिवस फोन नाही. पाचव्या दिवशी आला. "रविवारी या. कवेलू फेरायचे हायेत. पोरायले बलावलं हाये. आता ते गोष्ट तुमी सांगान. पूरी."

सांगितली. नातवंडं ऐकत होती. धाकटा म्हणाला, "बस, इतनी सी बात?" वहिनी त्याच्यावर रागावली नाही. वर बघत होती. म्हणाली, "म्या त्या बुढीले जनमभर चांगली म्हनलं. केवढी चांगली होती, ते मले आता समजलं, भाऊजी. तुमी सांगितलं नसतं त तसीच मेली असती मी."

त्यानंतर पंधराच दिवसांनी ती गेली. परवा प्रकाशकडे गेलो होतो, बाहेर धो धो पाऊस चालू होता. पडवीत तिची खाट तशीच आहे. वस्ती सोडल्यापासून पहिल्यांदाच मी त्या कवेलूंखाली आडवा झालो... आणि मला झोप लागली.