अनुभव : नाही

जळकी मोटर भरायची, म्हणजे तिच्यात नवी तार गुंडाळायची, तर आधी जुन्या तारेचे वेढे मोजायचे आणि मगच ती कापून टाकायची. मोटरवाली बाई हे चौदाव्या वर्षी वडिलांजवळ बसून शिकली होती. पुढं सव्वीस वर्षं एका इमारतीच्या जिन्याखाली बसून तिनं लोकांचे पंप, पंखे जिवंत केले. वार्निशचा वास तिच्या केसांतून कधी म्हणून गेला नाही.

मग मालकानं ती जागा लिफ्टसाठी मागितली. महिन्याभरात बाडबिस्तरा हलवायचा होता. तेवढ्यात कळलं, बायकांना बरोबरीनं उभं करण्यासाठी सरकारी योजना आलीय. पुरुषी समजलं जाणारं काम करणाऱ्या बाईला गाळा मिळणार, थ्री-फेज विजेसकट. बाई धावतच ऑफिसात गेली.

योजनेच्या मॅडमनी अर्ज वाचून नाक मुरडलं. "सव्वीस वर्षांचा अनुभव? मग तुम्ही वंचित कशा? हा निधी काही न येणाऱ्या बायकांसाठी आहे. 'अनुभव : नाही' असं लिहा आणि प्रशिक्षणाला बसा."

"अहो मॅडम, पण मला येतं की!"

"तीच तर अडचण आहे ना."

आता ह्याला काय म्हणायचं, कपाळ! पण गरज तिची होती. तिनं 'नाही' लिहिलं.

सहा आठवडे ती पहिल्या बाकावर बसली. शिकवायला आलेल्या सरांनी पहिल्याच दिवशी जळकी तार कचाकचा कापून फेकली.

"सर, वेढे मोजायचे राहिले," बाई म्हणाली.

"कसले वेढे?" सर म्हणाले.

पुढं सर चहाला गेले की सगळ्या मोटरी तीच भरायची, आणि सर परत येऊन त्यांचे फोटो काढायचे. निर्लज्जपणालाही काही सीमा असते.

शेवटच्या दिवशी मॅडमनी तिच्या हातात माइक दिला. ती पाठ केलेलं बोलली, "मला पूर्वी काहीच येत नव्हतं." टाळ्या पडल्या. वडील आठवले आणि तिला स्वतःच्याच आवाजाची शिसारी आली.

गाळा मिळाला, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. दारावर योजनेचा फलक होता, तिच्या हसऱ्या फोटोसकट : 'सहा आठवड्यांपूर्वी हिला काहीच येत नव्हतं!' तीन वर्षं तो काढायचा नाही, अशी अटच होती.

तिसऱ्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक आलं. खांद्यावरची मोटर खाली ठेवता ठेवता त्यानं फलक वाचला.

"सहाच आठवडे? छान, छान. मग ते शिकवणारे सर कुठं बसतात?"

"त्यांना मोटर भरता येत नाही हो," बाई म्हणाली.

"गुरूबद्दल असं बोलू नये, ताई," तो म्हणाला आणि मोटर पुन्हा खांद्यावर घेऊन चालू लागला.