दोन वस्त्या आणि एकच काम

नाशिकहून बोईसरची एसटी धरली तेव्हा पर्समध्ये भाचीने रकाने आखून दिलेला कागद होता. आमच्या महिला मंडळाने साठवलेल्या पैशांत एकच काम होणार आणि मागणाऱ्या वस्त्या दोन. भाची म्हणाली, "मावशी, मन कळवळलं म्हणून देऊन टाकू नकोस. रुपयामागे किती जणांचं भलं होतं, किती वर्षं टिकतं, ते लिहून आण." मी शाळा सातवीत सोडलेली, पण भागाकार येतो हो मला!

बोईसरला उतरताच कारखान्यांचा उग्र वास नाकात बसला. बेटेगावच्या चाळीतल्या बायकांना पाळणाघर हवं होतं. आईबाप दोघं कंपनीत, लहानगी खोलीत बंद. यूपीची अनिता, कडेवर पोरगी घेऊन, हसली, "फिर लिखने वाली आईं! फोटो भी खींचेंगी? रुकिए, बाल बना लूँ." मी पोरं मोजली. कागद भराभर भरला. वाटलं, झालं, इथंच द्यायचं.

परतताना मनोरला उतरून डोंगरातल्या पाड्यावर (छोट्या वस्तीवर) चढले. चपलेचा अंगठा तुटला, अनवाणीच पोचले. इथे जुनी विहीर खोल करून हवी होती. पण पाडा सुना. दारांना तारा गुंडाळलेल्या. मोजून अकरा माणसं, तीही म्हातारी. लिहिलं, अकरा.

त्यांतल्या जानीबाईने नाचणीची भाकर आणि सुकट (वाळवलेली बारीक मासळी) पुढे ठेवली. "काय लिवलंस, बाय?"

"अकरा माणसं."

ती खो-खो हसली. "दिवाली झाली नि तू मोजाया आलीस! सगली वीटभट्टीवर हायत. पोरं पन नेलीत, शाला सोडून."

"मग विहीर कुणासाठी?"

"विहिरीत पानी रायलं त मोगरा लावू, फुलं बाजारात इकू. घरचा मोगरा सोडून भट्टीवर कोन जाईल?"

मी अकरा खोडलं. एकेका बंद दाराकडे बोट करत तिने नावं सांगितली, मी लिहीत गेले. भागाकार विहिरीकडे झुकला.

एसटीत चैन पडेना. जव्हार येईपर्यंत तीनदा आकडेमोड केली, कुठे चुकलं असलं तर बरं, म्हणून. चुकलं नव्हतं.

मंडळाने विहीर ठरवली. बेटेगावला फोन मी केला.

"किसको दिया, माताजी?"

"पहाड़ पर. कुएँ के लिए."

अनिता म्हणाली, "हमने भी गाँव में कुआँ माँगा था. वहाँ कोई गिनने नहीं आया." मग पोरगी रडायला लागली, तिने फोन ठेवला.

हिशोब बरोबर आहे, बायांनो. पुन्हा केला तरी विहीरच येईल. पण ज्यांना नाही म्हणायचं त्यांचा रकाना भाचीच्या कागदावर नव्हता. तो मी हाताने आखला आणि त्यात पहिलं नाव लिहिलं, अनिता.